हार्ट चेकअपला गेले तर विचारतात, जन्माच्या वेळी वजन किती होतं?

ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. ही हार्ट चेकअपची सर्व्हिस, ज्यात तपासणीच्या आधी जन्मापासूनची हकीकत विचारतात, घेण्यासारखी आहे, मुलाखत एक नंबर, रिपोर्टातला 'हृदयाचं वय' वाला भाग खुशाल सोडून द्या, आणि टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात त्या टेस्टचा, आग्रह झाला तर कशासाठी ते विचारा. पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार रिपोर्टमुळे गेला आणि एक आपलं खाजगी बोलणं ज्या पद्धतीने हाताळलं त्यामुळे. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असली पॅकेजं आता बरीच निघालीत, आत गेल्यावर काय बघायचं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

नेहमीचं हार्ट पॅकेज कसं असतं माहितीये ना, उपाशीपोटी रक्त द्या, ईसीजीचे ते गार गार चिमटे लावून घ्या, वजन, बीपी, आणि मग डॉक्टर दोन मिनिटं रिपोर्ट चाळून म्हणणार वजन कमी करा, चाला, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचंच टेन्शन येतं. इथे उलटं आहे. रक्त काढायच्या आधी तुम्हाला एक मोठा फॉर्म देतात, आडवा, दहा-दहा वर्षांचे कप्पे पाडलेला, आणि पहिला कप्पा चक्क 'जन्माआधी'. आई गरोदर असताना आजारी होती का, खायची भ्रांत होती का, तुम्ही दिवस भरून झालात की आधी, वजन किती होतं. पुढे बालपण, शाळा, पहिली नोकरी, लग्न, मुलं, आजारपणं, घरातले मृत्यू, कधी सिगरेट सुरू केली कधी सोडली, सगळं. फॉर्म घरूनच भरून न्यायचा असतो आणि ते बरंच आहे कारण मला आईला फोन करावा लागला. "अगं तू एवढीशी होतीस, महिनाभर आधी आलीस, पण वजन कुणी लिहून ठेवलंय" हे तिचं उत्तर, त्यानंतर अर्धा तास माझ्या जन्माची कहाणी, जी मी आधी ऐकलीच नव्हती.

आता हे जन्माचं वजन प्रकरण कुठून आलं? मला वाटलं होतं उगाच काहीतरी फॅन्सी विचारतायत, पण यामागे खरंच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळांची वजनं वह्यांमध्ये लिहून ठेवायच्या, जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं. त्या वह्या पडून होत्या. डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने त्या शोधून काढल्या, त्यातल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते तपासलं आणि १९८९ मध्ये छापलं की जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांचं वजन कमी होतं त्यांच्यात हृदयविकाराने गेलेल्यांचं प्रमाण जास्त. तेव्हा भरपूर लोकांनी नाकं मुरडली, गरिबीचा परिणाम असेल, दुसरंच काही असेल म्हणाले, आणि तो वाद काही प्रमाणात अजूनही आहे, पण नंतर इतर देशांतही तसंच दिसत गेलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, त्या वेळी जी बाळं पोटात अगदी सुरुवातीच्या महिन्यांत होती त्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त झालेला आढळला. कारण काय तर पोटात तुटवडा असला की बाळाचं शरीर मेंदूला आधी वाचवतं, बाकीच्या अवयवांना काटकसर. मूत्रपिंडातल्या गाळण्या, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, जन्मापर्यंत जेवढ्या बनल्या तेवढ्याच, नंतर नवीन बनत नाहीत. कमी असतील तर पन्नाशीत बीपी वर सरकायला तेही एक निमित्त होतं. म्हणजे बघा, मी शाळेतही जायच्या आधी माझ्या बीपीची थोडीफार तयारी होऊन बसली होती.

मुलाखत घेणाऱ्या ट्रेंड नर्स होत्या, पन्नाशीच्या आसपासच्याच असतील. त्यांचं खास कौतुक करायचंय. समोर कॉम्प्युटर होता पण त्यांनी स्क्रीन बाजूला वळवून ठेवला होता आणि कागदावर पेनने लिहीत होत्या, एक प्रश्न विचारून झाला की गप्प बसायच्या. घाई नाही. मी "तसं काही विशेष नाही" म्हटलं की त्या लगेच पुढच्या प्रश्नावर न जाता तशाच बघत राहायच्या आणि मग मीच बोलायला लागायचे. लहानपणी घसा सुजून नंतर गुडघे-घोटे दुखले होते का हे त्यांनी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, कारण लहानपणीचा घशाचा साधा वाटणारा संसर्ग नीट बरा केला नाही तर काहींना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाची झडप खराब होऊन त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. मला झालं नव्हतं. लहानपणी कॅन्सरची ट्रीटमेंट, छातीला रेडिएशन वगैरे झालं होतं का तेही विचारलं, काही केमोच्या औषधांचा हृदयावर परिणाम कितीतरी वर्षांनी दिसतो. हे प्रश्न मला साध्या चेकअपला आजवर कुणी, म्हणजे कुण्णीच विचारले नव्हते.

पण खरी गोष्ट बाळंतपणाच्या कप्प्यात आली. माझ्या दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यानंतर बीपी वाढलं होतं, पायाला सूज, लघवीत प्रोटीन, ॲडमिट केलं, बाळ थोडं आधी झालं, आणि नंतर बीपी नॉर्मलला आलं म्हणून सगळे विसरले, मी पण. त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही आजवर कुठल्या डॉक्टरांना सांगितलंय?" तर नाही. कुणी विचारलंच नाही आणि मला काय माहीत की ते हृदयाच्या खात्यात येतं! याला प्रीक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि तो झालेल्या बायकांना पुढे हृदयविकार आणि स्ट्रोकची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते आणि कायमचं बीपी मागे लागण्याची तर तिपटीहून जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच बायकांसाठीच्या मार्गदर्शनात हे लिहून ठेवलंय. गरोदरपणातला डायबेटिस, दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ, चाळिशीच्या आधी पाळी कायमची थांबणं, हेही सगळं आता हृदयाची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत धरतात. बाळंतपणाची फाइल गायनॅककडे राहते, हार्टवाले बघतात ते आजचं बीपी, आणि मधल्या वीस वर्षांचा कुणी वाली नाही. या एका प्रश्नासाठी मी तीन स्टार देऊन टाकले असं समजा. ज्या बायका हे वाचतायत आणि ज्यांना गरोदरपणात बीपी किंवा शुगर झाली होती त्यांनी कुठल्याही पॅकेजला जा नाहीतर जाऊ नका, पण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कागदावर ही एक ओळ लिहून घ्या.

नोकरीबद्दलचे प्रश्न मला आधी फालतू वाटले. पगार विचारला नाही, पद पण नाही, विचारलं की तुमच्या कामात तुमचं तुम्हाला ठरवता यायचं का. म्हणजे काम ढीगभर पण निर्णय सगळे वरच्याचे असं होतं का. हे लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासांतून आलंय, व्हाइटहॉल स्टडी, पहिला १९६७ पासून सुरू झालेला. त्यात दिसलं की हृदयविकाराने जाणारे साहेब लोकांत कमी आणि खालच्या पायरीवर जास्त, आणि सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरूनही फरक पूर्ण भरून निघत नाही. आपल्याकडे काय, सगळ्यांचा समज की हार्ट अटॅक हा मोठ्या साहेबाचा आजार, खूप जबाबदारी म्हणून. आकडे उलटं सांगतात. तरी इथे एक पाऊल मागे घ्यायला पाहिजे, २०१२ मध्ये जवळपास दोन लाख लोकांचा डेटा एकत्र करून बघितलं तेव्हा अशा कामाच्या ताणामुळे हृदयविकाराची जोखीम २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, सिगरेटच्या मानाने ते खूपच कमी आहे. त्यामुळे बॉसच्या नावाने खडे फोडत बाहेर टपरीवर झुरके मारणाऱ्यांनी आधी झुरके सोडावेत. सोडल्याचा फायदा लवकर मिळतो, वर्षभरात जास्तीची जोखीम साधारण निम्म्यावर येते.

मृत्यू आणि एकटेपणाबद्दल पण विचारलं. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या चोवीस तासांत हार्ट अटॅकचा धोका नेहमीपेक्षा एकवीस पट दिसल्याचा अभ्यास २०१२ चा आहे, नंतर तो दिवसागणिक उतरत जातो. दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा एक भाग फुग्यासारखा होतो त्या ताकोत्सुबो आजाराबद्दल पण माहितीपत्रकात होतं, १९९० च्या सुमारास जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालं आणि जास्त करून पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसतो. बहुतेक जण त्यातून बरे होतात. हे पत्रक चांगलं लिहिलंय, घाबरवत नाही.

बीपी मोजायची पद्धत मात्र बघण्यासारखी. आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीला सपाट, एकावर एक नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, दंड मोजून त्या मापाचा पट्टा काढला, दोन्ही हातांचं घेतलं आणि मोजताना बोलू दिलं नाही. मी बोलायला गेले तर नर्सबाईंनी बोट ओठावर ठेवलं. बाहेर बहुतेक ठिकाणी जिने चढून आलं की लगेच पट्टा गुंडाळतात आणि वर विचारतात काय होतंय तुम्हाला. इथे १३८/८६ आलं, मग एक आठवडा घरी सकाळ-संध्याकाळ मोजून कळवायला सांगितलं, एका रीडिंगवर गोळी नाही दिली. चांगली गोष्ट.

रक्ताच्या तपासण्या नेहमीच्याच, फक्त लायपोप्रोटीन-ए, रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार, ही एक जास्तीची होती. ती आयुष्यात एकदाच करायची असते कारण तो आकडा जवळपास पूर्णपणे आईबापाकडून येतो, वयानुसार फार हलत नाही. आणि एलडीएलबद्दल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलबद्दल, डॉक्टरांनी छान सांगितलं की ते व्याजासारखं आहे, आजचा आकडा किती यापेक्षा तो किती वर्षं चढा होता ते मोजायचं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या सैनिकांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली होती, तीनशे सैनिक, सरासरी वय बावीस, आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची सुरुवात दिसली. बावीस! त्या वयात कोण पॅकेज घेतं.

इथपर्यंत सगळं झकास आणि मग रिपोर्ट आला.

गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर मोठ्या लाल अक्षरात 'तुमच्या हृदयाचं वय ६३'. माझं वय ५४. खाली बाण, आणि बाणावर लिहिलंय 'बालपणातील प्रतिकूल अनुभव: +३ वर्षे', 'जन्मपूर्व घटक: +१ वर्ष'. मी डॉक्टरांना विचारलं हे तीन वर्षं आणि एक वर्ष कुठल्या फॉर्म्युल्याने काढलंत. उत्तर आलं, आमचा इंटर्नल अल्गोरिदम आहे. आता मला सांगा, हृदयाची जोखीम काढायला जे कॅल्क्युलेटर डॉक्टर लोक वापरतात, २०२३ चा अमेरिकन प्रिव्हेंट घ्या किंवा ब्रिटनचा २०१७ चा क्यूरिस्क-३, त्यात जन्माचं वजन नाही, बालपण नाही, अगदी ते बाळंतपणातलं बीपी पण गणितात नाही, ते डॉक्टरांनी वेगळं लक्षात घ्यायचं असतं. क्यूरिस्कमध्ये तुम्ही राहता तो भाग किती गरीब आणि गंभीर मानसिक आजार आहे का, एवढं येतं. मग ज्यांच्यामागे लाखो लोकांचा डेटा आहे त्यांनी जे गणित मांडायचं धाडस केलं नाही ते यांनी केलं कसं?

बालपणाचा स्कोअर हा प्रकार १९९८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासातून आला. घरात मारहाण, दारू, कुणाला मानसिक आजार, कुणी तुरुंगात, असं काय काय भोगलं ते विचारलं आणि चार किंवा जास्त गोष्टी भोगलेल्यांमध्ये हृदयविकार दुपटीहून थोडा जास्त दिसला. खरं आहे ते, आणि समजण्यासारखं आहे, सतत भीतीत वाढलेल्या मुलाचं शरीर सावध राहायला शिकतं, झोप उडते, लवकर सिगरेट हाताला लागते, शिक्षण सुटतं, सगळी साखळी. पण ते लाखात किती असं सांगणारं गणित आहे. तो अभ्यास करणाऱ्यांपैकीच एक, रॉबर्ट अँडा, त्यांनी २०२० मध्ये स्वतः लिहिलं की हा स्कोअर एकेकट्या माणसाची जोखीम ठरवायला वापरू नका. एकाच स्कोअरची दोन माणसं, एकाला आजी होती जिच्याकडे पळून जाता यायचं, दुसऱ्याला कुणीच नव्हतं, कागदावर दोघं सारखी. माझ्या बाबतीत आत्या होती. तिचा कप्पा फॉर्ममध्ये नव्हताच. वाईट काय झालं ते सगळं विचारलं, सांभाळलं कुणी ते नाही.

आणि समजा ते +३ अगदी बरोबर असलं तरी मी त्याचं करू काय? बीपी कशामुळे वाढलं ते गोळीला माहीत नसतं, आईच्या पोटात सुरू झालेलं असो नाहीतर ऑफिसात, खाली आणलं की फायदा होतोच. मागच्या आयुष्याची माहिती काढायची ती लवकर आणि जास्त वेळा तपासण्यासाठी, लाल अक्षरात शिक्षा सुनावायला नाही. मुलाखतीतून नर्सबाईंनी जे मिळवलं ते रिपोर्ट बनवणाऱ्याने पार वाया घालवलं असं माझं मत आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मुलाखतीची खोली म्हणजे नुसता पडदा. पलीकडे एक काका त्यांच्या डायबेटिसबद्दल सांगत होते ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं, म्हणजे माझं त्यांना गेलंच असणार. तुम्ही माणसाला विचारता लहानपणी घरात कुणाची भीती वाटायची का, तर निदान दार असलेली खोली द्या हो. संमतीच्या फॉर्मवर बारीक अक्षरात होतं की माहिती 'भागीदार संस्थांना' देता येईल. मी ती ओळ खोडून सही केली, काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता घेतली, म्हणजे खोडता येते, तुम्हीही खोडा. आणि एवढं सगळं उकरून काढल्यावर पुढे काय? माझ्या नंतरच्या ताई डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्यांना सरळ रक्त काढायच्या रांगेत उभं केलं. समुपदेशक आहेत असं जाहिरातीत आहे, विचारलं तर अपॉइंटमेंट वेगळी घ्या, चार्ज वेगळा.

टीएमटीचं शेवटी. मला छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, तरी "एवढा स्कोअर आलाय तर ट्रेडमिल करूनच घ्या" असा काउंटरवरून आग्रह झाला. डॉक्टरांकडून नाही बरं का, काउंटरवरून. काही त्रास नसलेल्या माणसाला ती टेस्ट सरसकट करत नाहीत, खोटी पॉझिटिव्ह येऊन पुढची नसती तपासणी मागे लागू शकते, बायकांमध्ये तर जास्तच. मी परत आत जाऊन डॉक्टरांना विचारलं तर तेच म्हणाले आत्ता गरज नाही. मग काउंटरला कोण सांगतं कुणास ठाऊक.

घरच्या आठवडाभराच्या रीडिंगवर त्यांनी फोन वेळेवर केला, सरासरी काढून डॉक्टर स्वतः बोलले, वर्षातून एकदा नाही तर दर तीन महिन्यांनी बीपी बघायचं ठरलं आणि ते प्रीक्लॅम्प्सियाचं आता माझ्या कागदावर सगळ्यात वर लिहिलेलं आहे. भावाला पण पाठवणार आहे, तो जाणार नाही ती गोष्ट वेगळी.

जाणार असाल तर बाळंतपणाची जुनी डिस्चार्ज कार्डं शोधून न्या, आईवडील-भावंडांपैकी कुणाला हार्टचा त्रास झाला असेल तर कितव्या वर्षी झाला ते विचारून जा, वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत आणि आई किंवा बहीण पासष्टच्या आत असेल तर ते महत्त्वाचं धरतात. आई असेल तर तिला फोन आधीच करा, आदल्या रात्री नको, ती लवकर ठेवत नाही. मुलाखतीला सकाळची पहिली वेळ मागा, तेव्हा पडद्यापलीकडे कुणी नसतं. आणि रिपोर्टाचं पहिलं पान उलटून थेट तिसऱ्या पानावर जा, खरे आकडे तिथे आहेत.